मडमेचा पांढरा ब्लाऊज

लाखनी,
सोमवार, १९ जानेवारी

प्रिय दामिनी,

फोन तू उचलत नाहीस, ते एका परीनं बरंच आहे. फोनवर मी रडले असते आणि तू “आजी, ठेवते” म्हणून ठेवला असतास. कागद मधेच काही बोलत नाही, त्याच्यापुढे माणसाला शेवटपर्यंत जाता येतं. तुझा कैलाशमामा गुरुवारी नागपूरला गाडी घेऊन जाणार आहे, त्याच्याजवळ हे देते. मागच्या खेपेस तू त्याला दार अर्धंच उघडलंस म्हणे. यावेळी पूर्ण उघड, त्याला चहा दे. त्याचा काही दोष नाही.

तो परत आला तेव्हा मी मशीनवर बसले होते. त्यानं सांगितलं, पोरीनं कॉलेज सोडलं, अंगावर चार दिवसांचे कपडे आहेत, आणि म्हणते, “मामा, आजी बरोबर बोलली. मी सांगितलं असतं तर आई आज असती.” मी पाय थांबवला. तेव्हापासून हातातला गिऱ्हाइकाचा ब्लाऊज तसाच सुईखाली अडकलेला आहे. लग्नाच्या घरची बाई दोनदा विचारून गेली, तिला काय सांगू?

मी काय बोलले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. तुझ्या आईच्या पुण्यानुमोदनाचा दिवस, वंदना झालेली, माणसं जेवायला बसायची होती, आणि मी भर अंगणात तुझ्याकडे बोट करून म्हटलं, “माही पोरगी तुनं माह्यापासून लपवून मारली.”  तू पाण्याचा जग खाली ठेवलास आणि चप्पल घालून निघून गेलीस. आईवेगळी झालेली एकवीस वर्षांची पोर, बाप तर आधीच नाही, आणि आजीनं तिला असं बोलावं. त्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे, पण मी सरळ तिथं जाऊ शकत नाही गं. मला सगळं कापडावरूनच सांगता येतं. मी शाळेत चौथीपर्यंत गेले आणि शिवण शिकले ते उसवून. दुसऱ्यांचे जुने ब्लाऊज उसवायचे, तुकडे खाटेवर मांडायचे, बघायचं कुठला तुकडा कुठं बसला होता. हे पत्रही तसंच उसवत उसवत लिहिणार आहे. तू धीर धर.

मागच्या फागुनात तुझ्या आईचा, दीपमालाचा फोन आला. दामिनीच्या कॉलेजात जुन्या विलायती पेहरावाचा प्रोजेक्ट आहे म्हणाली, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एडवर्ड राजाच्या काळात मडमा घालत तसा पांढरा ब्लाऊज. “तू शिवून दे माय, माह्या मापाचा. बुद्धपौर्णिमेले पांढऱ्या साडीवर मीच घालीन.” मी म्हटलं, तुला कायले मडम व्हायची हौस या वयात? ती हसली. मग तू फोटो पाठवलेस. पुढून, मागून, आतून उलटा करून, शिवणीजवळून. मी चष्मा पुसून पुसून बघत होते. तुझा आजोबा असता तर म्हणाला असता, पंचफुलाबाई, भात करपून राहिला. आणि करपलाच त्या दिवशी.

खरं सांगू, चाळीस वर्षं ब्लाऊज शिवले पण असं काम पाहिलं नव्हतं. आपण अंगासरशी शिवतो. टक्स घालायचे, कापड अंगाला चिकटलं पाहिजे, एक सूत इकडं तिकडं झालं की बाई आरशापुढं तोंड वाकडं करते. त्या मडमेच्या ब्लाऊजला टक्स नावाला नाहीत. खांद्यापासून खाली दोऱ्याएवढ्या बारीक उभ्या दुमडी, एकीला लागून एक, पण त्या छातीपर्यंतच शिवलेल्या. तिथं टीप थांबते आणि दुमडींमध्ये धरून ठेवलेलं सगळं कापड एकदम सुटतं, फुगतं, आणि कमरेवर येऊन लोंबतं. कमरेला आतून नाडी. मी पहिल्यांदा पुढचा भाग मागच्याइतकाच बेतला होता, तर तू फोनवर ओरडलीस, “आजी, पुढचा भाग लांब पायजे! चार बोटं लांब!” मला वाटलं पोरीचं माप चुकलं. मग मी जुन्या धोतराच्या कापडाचा कच्चा नमुना शिवला, तेव्हा कळलं. पुढचं कापड लांब असल्याशिवाय ते कमरेवर झुकत नाही. शेजारची मंदाबाई दारात उभी होती, तिनं तो नमुना अंगाला लावला आणि म्हणाली, “पंचफुला, यात कबुतर लपवायचं हाय का?” आपण तिघी फोनवर किती हसलो. तू म्हणालीस, विलायतेतही त्याला कबुतराची छातीच म्हणतात. चौथी हसत होती का ते आता आठवून पाहते. तुझी आई तुझ्या मागेच बसलेली होती, फोनच्या पडद्यात तिची साडी दिसत होती. हसण्याचा आवाज आठवत नाही.

गळ्याची पट्टी कानाच्या पाळीपर्यंत उभी पाहिजे आणि दिवसभर पडायला नको. विलायतेत म्हणे त्यात माशाच्या हाडाच्या काड्या घालत. लाखनीत मासा मिळतो, तो तलावातला, त्याच्या काट्यावर मडम कुठं उभी राहणार. मी नव्या शर्टाच्या डब्यात कॉलरखाली प्लॅस्टिकची पट्टी येते ना, ती कापून, टोकं मेणबत्तीवर गोल करून, कानामागं दोन्ही बाजूंना आत सरकवली. लेस तर जीव घेणारी. आधी कापडावर लेस ठेवून दोन्ही काठांनी टीप मारायची, मग उलटं करून लेसच्या मागचं कापड मधोमध कापायचं, आणि कापलेले काठ सुईनं वळवून दाबून टाकायचे. म्हणजे लेसमधून अंगच दिसतं, मागं काही राहत नाही. कात्री किंचित वाकडी गेली की सगळं मुसळ केरात. आणि तुझ्या आईचा फोन, “माय, लेसच्या मागं कापड राहू दे. अस्तर पण लाव. जाड अस्तर.” मी म्हटलं, मग लेसचा अर्थ काय राहिला? ती म्हणाली, “मले उन्हाचं तसंच बरं वाटते.” उन्हाळ्यात जाड अस्तर बरं वाटतं कोणाला? पण मी शिंपीण, गिऱ्हाईक म्हणेल ते करते. लावलं.

आता बाह्या. वर साध्या, खाली मनगटाशी फुगलेल्या, आणि मग बोटभर रुंद पट्टीत सगळ्या चुण्या बसवलेल्या. ती म्हणाली दोन्ही बाह्या वरूनच सैल ठेव. मी म्हटलं, फोटोत तशा नाहीत. म्हणाली, “ठेव ना माय.”

आणि बटनं. यावरून आमचं भांडणच झालं. त्या ब्लाऊजला पुढं काहीच नाही, सगळं पाठीवर. बावीस बटनं, वाटाण्याएवढी, आणि काजाऐवजी दोऱ्याचे फासे. तू लिहून पाठवलं होतंस की मडमेला बटनं मोलकरीण लावून देत असे, स्वतःचे हात मागं पोचत नसत. दीपमाला म्हणाली, “माय, माह्या ब्लाऊजले बटनं पुढून दे.” मी ऐकेना. पुढून बटनं दिली तर त्या दुमडींचं, त्या फुगाऱ्याचं सगळं सोंग मोडतं. ती म्हणाली, “माहा हात मागं जात नाही.” आणि मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, “शाळेत खुर्सीवर बसून बसून आखडला तुहा हात. जाडी होऊन राहिली तू.” ती म्हणाली, “असंन माय.” एवढंच. “असंन माय.” हे दोन शब्द आता जेवताना येतात, भाजी निवडताना येतात.

माप घ्यायला मी नागपूरला येते म्हटलं होतं. तिनं येऊ दिलं नाही. कैलाशच्या हाती तिचा जुना मापाचा ब्लाऊज पाठवला, तो मरून रंगाचा, तीन वर्षांपूर्वी मीच शिवलेला. माझी काम करायची रीतच ती आहे, तुला ठाऊक आहे. बायका बसणारा ब्लाऊज आणून देतात, मी त्यावरून बेतते, अंगाला टेप लावायची वेळ वर्षातून दोनचारदा येते. पण टेप लावली की मला कळतं. कुणाला दिवस गेलेत, कोण उपाशी राहते, कुणाच्या पाठीवर वळ आहेत, मला नवऱ्याआधी, सासूआधी कळलेलं आहे. साऱ्या लाखनीच्या बायांची अंगं माझ्या बोटांना पाठ आहेत. स्वतःच्या पोरीचं अंग मात्र मी तीन वर्षं जुन्या कापडावरून मोजत बसले. त्या फागुनाच्या आदल्या वर्षी पोळ्यानंतर तिचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं असं तुम्ही दोघींनी सांगितलं होतं. मी म्हटलं, येते. म्हणालात, दुर्बिणीचं आहे, दोन दिवसांत घरी. मी मानलं. आजोबा गेल्यावर मी सहा महिने खाटेला लागले होते, पोरीनं भरवलं म्हणून उठले. तेव्हापासून मला काही वाईट सांगायचं नाही असं तिनं मनाशी ठरवलेलं असणार. झाकली मूठ ठेवायची तिला सवयच लागली.

बुद्धपौर्णिमेला तुम्ही आलात. पांढरी साडी, तो ब्लाऊज. मी मागून बटनं लावायला हात पुसून उभी, तर तिनं तुला आत बोलावलं आणि दाराची कडी लावली. मी बाहेरून म्हटलं, “आईले लाजतेस काहून? म्याच काढली ना तुले पोटातून!” आतून तू म्हणालीस, “आजी, झालंच, दोन राहिले.” बावीस बटनं होती पोरी, वेळ लागायचाच. पण मी बाहेर उभी राहून रुसले. मग दार उघडलं. माय गं, काय दिसत होती! उंच गळा, मान ताठ, पुढं दुमडी सुटून फुगलेल्या, त्यावरून साडीचा पदर. विहारात बाया वंदना सोडून तिच्याकडे बघत होत्या. मंदाबाई म्हणाली, “दीपमाला, तुह्या मायनं तुले राणी करून टाकली.” मी इतकी फुगले होते की ब्लाऊजलासुद्धा लाज वाटावी. माझ्या हातचं काम सगळे बघत होते, आणि मी पण तेवढंच बघत होते. माझ्या कामाच्या आत जे होतं ते मी पाहिलं नाही, असं मी कालपर्यंत सगळ्यांना सांगत आले. तुलाही तेच सांगितलं.

कार्तिकात तू मला बोलावलंस, शेवटचे आठ दिवस. वॉर्डात मी पहिल्यांदा तिचं अंग पुसलं तेव्हा नर्सनं सदरा बाजूला केला. डाव्या बाजूला काहीच नव्हतं, नुसती एक आडवी शिवण. मी “माय गं” म्हणून भिंतीला टेकले, तू मला धरलंस. दीपमालानं डोळे मिटून घेतले होते. तू म्हणालीस, “आजी, आईनं शपथ घातली होती.” ते टेकणं, ते “माय गं” म्हणणं, सगळं अंगणात बोलताना माझ्या कामी आलं. लोकांना वाटलं म्हातारीला शेवटच्या घडीला कळलं. तुलाही तेच वाटतं आहे.

आता नीट ऐक. श्रावणात तो ब्लाऊज माझ्याकडे परत आला होता. डावी बाही घट्ट होते, मोकळी कर, एवढीच चिठ्ठी. तुझी परीक्षा चालू होती, तुला हे ठाऊक नसेल. सकाळची वेळ होती, धानाचं रोवणं आटोपलेलं, दुकानात कोणी नव्हतं. मी तो उलटा केला, बाहीचा मुंढा उसवायला घेतला. अस्तर डाव्या बाजूला उजव्यापेक्षा जाड लागलं. बोट घातलं तर आत एक कप्पा. मी ठेवलेला नव्हता. हातानं धावदोरा घालून शिवलेला, आणि टाके उलट्या अंगाला झुकलेले, डावखुऱ्या माणसाचे. तुला सुई धरायला मीच शिकवलं दामिनी, आपल्या घरात डावखुरी तू एकटी. कप्प्यात कापूस होता, घामानं गोळे झालेला.

मी तो कापूस हातात घेऊन बसले. मला सगळं कळलं. जाड अस्तर कळलं, पुढून बटनं कळली, सैल बाही कळली, कडी कळली. पित्ताचा खडा नव्हता हेही कळलं. बाही का घट्ट होते तेवढं मात्र मी मनाला विचारू दिलं नाही. हात सुजणं बरं लक्षण नसतं, हे मला आपल्या गल्लीतल्या चंद्रभागाबाईच्या वेळेस पाहून माहीत होतं. मी काय केलं? मी गोळे झालेला कापूस फेकला, नवा पिंजला, त्यात दोन मुठी जवस घातलं, म्हणजे वजन येईल, वर सरकणार नाही, उन्हाळ्यात गार लागेल. कप्पा उसवून मऊ मलमलचा नवा केला, गोल, बारीक टाक्यांनी, अंगाला एकही गाठ टोचणार नाही असा. बाही मोकळी केली. इस्त्री केली. कैलाशच्या हाती पाठवून दिला. तिसऱ्या दिवशी तिचा फोन. “माय, ब्लाऊज चांगला बसला.” मी म्हटलं, “बसणारच.”  तिकडं तिच्या शाळेची घंटा वाजली. ती म्हणाली, “ठेवतो माय.” तिला कळलं होतं की मला कळलं आहे. आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल, मी विचारलं तर तिची मूठ उघडी पडेल. हे मी स्वतःला सांगितलेलं. खरं एवढंच की मी घाबरले. विचारलं असतं तर ते खरं झालं असतं. त्यानंतर तीन महिने पोरी, पुरते तीन महिने, मी इथं बसून साड्यांना फॉल लावले. नागपूर दोन तासांवर आहे.

म्हणून हे पत्र. त्या दिवशी अंगणात मी जे बोट तुझ्याकडे केलं ते माझं होतं आणि माझ्याकडेच वळायला पाहिजे होतं. ते मला सोसवेना, आणि समोर तू उभी होतीस. तू वीस वर्षांची असताना आईची जखम पुसलीस, तिला केमोला नेलंस, तिच्यासाठी कप्पा शिवलास, आणि तिनं घातलेली शपथ पाळलीस. डॉक्टर बाई मला शेवटच्या दिवशी म्हणाल्या होत्या की आजार हाडात गेल्यावर कोणी काही करू शकत नव्हतं, आणि दुसऱ्या वेळचं केमोचं इंजेक्शन नको असं दीपमालानं स्वतः सही करून सांगितलं होतं. हेही मी तुझ्यापासून लपवलं, कारण ते सांगितलं असतं तर माझ्याकडे राग ठेवायला जागा उरली नसती. तू सांगितलं असतंस तरी ती गेलीच असती. मी विचारलं असतं तर तीही गेलीच असती, पण तिची माय जवळ असती. तो हिशेब माझा आहे, तुझा त्यात काही नाही. काल रविवारच्या वंदनेनंतर मी विहारात उभी राहिले आणि त्याच सगळ्या माणसांना हे सांगितलं, कप्पा, जवस, फोन, सगळं. मंदाबाईनं दंड धरला. मला कोणी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. आता लाखनीत तुझ्याकडे कोणी तसं बघणार नाही. मला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तू कधी करायचं किंवा नाही करायचं हे तुझं तू पाहा. फक्त उद्या सकाळी अंघोळ कर, दोन घास खा, आणि कॉलेजात जाऊन बस.

उरले तेवढे दिवस तुझीच,
आजी